पुस्तक कुणाच्या घरचं?

अगं, तुझा लांबलचक मेसेज जेवणं आटोपल्यावर सावकाश वाचला. जुनी, दुर्मिळ, लेखकाच्या सहीची, देखण्या बांधणीची पुस्तकं जमवायचीत तुला. छान आहे. आपल्या घराण्यात सोन्यापलीकडे काही जमवणारी तू पहिलीच. सोन्यापेक्षा हा नाद बरा असं माझं मत आहे, फक्त ते मी आईसमोर बोलणार नाही. पण कुठल्या दुकानात काय मिळेल याची तू मागितलेली यादी मी देणार नाही. दुकानं तुझी तुला सापडतील. पुण्यात अप्पा बळवंत चौक आहे, मुंबईत फोर्टातले फुटपाथ आहेत, जवळ हवं तर संभाजीनगरचा औरंगपुरा आहे. मला बोलायचंय ते वेगळंच. घनसावंगीसारख्या गावात राहून हा नाद करायचा तर पुस्तकं दुकानांतून कमी आणि लोकांच्या घरांतून जास्त येतात. आणि दुसऱ्याच्या घरातून पुस्तक उचलताना कसं वागायचं, हे कुठलाच दुकानदार शिकवत नाही.

तू म्हणशील, आपल्याकडे काय असणार, ऊस आणि कापूस. लेकरा, आपल्याच तालुक्यात जांब आहे. १६०८ च्या रामनवमीला समर्थ रामदास तिथे जन्मले. खाली गोदावरी, तिच्या काठाने मठ, कीर्तनकारांची घराणी, पारायणं. अशा मुलखात कपाटात एक तरी बासन असतंच. लाल फडक्यात गुंडाळलेलं, वर्षातून एकदा हळदीकुंकू लावलेलं, आणि आत काय आहे ते घरात कुणाला नीट ठाऊक नसलेलं.

धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव हे नाव लक्षात ठेव. वकील माणूस. १८९३ मध्ये त्यांनी सत्कार्योत्तेजक सभा स्थापली, आणि रामदासी मठांतली बाडं मिळवायची, वाचायची, छापायची, यात हयात घालवली. धाराशिव जिल्ह्यात परांड्याजवळ डोमगाव आहे, तिथल्या मठात कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत. तिच्यावरून त्यांनी दासबोध छापला. आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात खुद्द समर्थांच्या हस्ताक्षरातलं वाल्मीकी रामायण जपलेलं आहे. म्हणजे आपल्या जांबच्या माणसाचं अक्षर बघायला आपल्याला धुळ्याला जावं लागतं. याचं काहींना वाईट वाटतं, मला नाही वाटत. ते टिकलं, आणि कुठे आहे ते सगळ्यांना माहीत आहे. देवांनी मिळवलं ते कुलपात घालून मिरवलं नाही, छापून लोकांपुढे ठेवलं. संग्राहक व्हायचं तर असं व्हावं.

तर आता घरांचं. तू पुस्तकं घेतेस ही बातमी गावात पसरली की लोक बोलावतील. वाडा पाडायचाय, वाटण्या झाल्यात, माळा रिकामा करायचाय. एखादी आजी म्हणेल, "ने बाई, रद्दीवाल्याला देण्यापेक्षा तू ने." या घडीला तू काय करशील त्यावर माझं लक्ष असेल. माझं म्हणणं असं की भाव सांगण्याआधी वस्तू काय आहे ते सांगायचं. "आजी, हे एवढं जुनं आहे, हे अमक्याचं पहिलं छापील पुस्तक आहे, मुंबईत याला जास्त किंमत येईल, माझ्याकडे इतकेच आहेत." एवढं बोलूनही त्यांनी दिलं तर ते तुझं. तोंड मिटून किलोच्या भावाने उचललं तरी कायदा काही म्हणणार नाही, पण उद्या तिचा नातू इंटरनेटवर तेच पुस्तक बघेल, आणि पुढच्या दहा घरांची दारं तुला बंद होतील. लहान तालुक्यात विश्वास एकदाच मिळतो. पुण्याच्या व्यापाऱ्याला ही चिंता नसते, तो टेम्पो भरून निघून जातो.

हाताने लिहिलेली पोथी निघाली तर विकत घ्यायचीच नाही, हे माझं ठाम मत आहे. एक तर कायदा. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियमात इतर जुन्या वस्तूंना शंभर वर्षांची अट आहे, पण ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात. तिचा धंदा करायला परवाना लागतो, आणि देशाबाहेर नेता येत नाही. दुसरं, पोथीची पानं सुटी असतात. एकदा ती घराबाहेर पडली की चार पानं याच्याकडे, सहा त्याच्याकडे, चित्र असलेलं पान फ्रेममध्ये. पोथी संपली. त्यापेक्षा तिथेच बसून फोटो काढ, पहिलं आणि शेवटचं पान नीट टिपून घे (शेवटी लिहिणाऱ्याचं नाव, शक, गाव असतं), आणि द्यायचीच असेल तर पुण्याच्या भांडारकर संस्थेला, धुळ्याला किंवा आपल्या विद्यापीठाला द्या असं घरच्यांना सुचव. तुझ्या वहीत नोंद राहिली की संग्रहात आलीच समज.

आणि कुणी पोथी, मूर्ती, ताम्रपट असं काही घेऊन परस्पर तुझ्या दारी आलं, तर "कुठून आणलं?" हा पहिला प्रश्न. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जांबच्या राममंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हा सगळा तालुका कसा हादरला होता ते तुला आठवत असेल. पुढे पोलिसांनी त्या शोधून आणल्या. पण चोर मूर्ती पूजेला नेत नाही. कुठेतरी काही न विचारता पैसे मोजणारा बसलेला असतो, म्हणून तो नेतो. जुन्या वस्तूंच्या बाजारात न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला फार मान असतो. तो मान तुला नको.

बरं, आता ओळखायला शिकवते. 'हाताने लिहिलेली' म्हणून दाखवतात त्यातल्या पुष्कळशा पोथ्या शिळाप्रेसच्या असतात. लेखनिकाचं अक्षर दगडावर उतरवायचं आणि दगडावरून छापायचं, त्यामुळे वळण अगदी हातचं दिसतं. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली पंचांग असंच छापलं. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ ला ज्ञानेश्वरी पहिल्यांदा छापून काढली, तीही शिळाप्रेसवर. ओळखायचं कसं? भिंग घे. बोरूने लिहिताना शाई संपत आली की अक्षर फिकं होतं, पुन्हा बुडवला की गडद. ही भरती-ओहोटी ओळीओळीतून दिसते. छापलेल्यात शाई सगळीकडे सारखी. हस्तलिखितात चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासलेला असतो आणि त्यावर दुरुस्ती असते. असे पिवळे डाग दिसले तर आनंद मान, पण हात साबणाने धू, हरताळात सोमल असतं. पान उजेडासमोर धर. हातकागदात साच्याच्या काड्यांच्या बारीक रेघा दिसतात. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतकं असा कागद बनत आला, म्हणजे कागदही आपल्या मराठवाड्याचा असू शकतो.

साल काढताना गोंधळ होतो, ते नीट समजून घे. जुन्या पुस्तकावर बहुधा शक असतो, त्यात ७८ मिळव. शके १८०४ म्हणजे १८८२. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. निजामाच्या राज्यातला शाळेचा शिक्का, बक्षिसाची चिठ्ठी, खरेदीची पावती असलं काही आत सापडलं तर त्यावर फसली साल असतं. त्यात ५९० मिळवलं की इंग्रजी साल जवळपास येतं. पुण्याच्या विक्रेत्यांना हे शिक्के नको असतात, उर्दू शिक्का म्हणजे पुस्तक 'खराब' झालं असं ते धरतात आणि स्वस्तात देतात. तू घे. मराठी पुस्तक, आत उर्दू शिक्का आणि फसली साल, म्हणजे निजामाच्या राज्यात आपली माणसं काय वाचत होती त्याचा तो पुरावा. संग्रह करायचा तर मी म्हणेन तू हाच कर. मुंबईकरांशी त्यांच्या मैदानावर कशाला खेळतेस?

कारण जुनं ते सगळं दुर्मिळ नसतं, हे आधी डोक्यात बसव. नित्यपाठाच्या पोथ्या हजारोंनी छापल्या गेल्या, शंभर वर्षांच्या असल्या तरी मिळतात. ग्रंथालयवाले १८६७ पर्यंतच्या मराठी छापील पुस्तकांना दोलामुद्रितं म्हणतात, कारण त्या साली पुस्तकांची सरकारी नोंदणी सुरू झाली. ती खरी विरळ. पण उलटही असतं. आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे, त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापलं, पाचशे प्रती. मग ते असं विस्मरणात गेलं की स. गं. मालशे यांनी १९७५ ला पुन्हा छापेपर्यंत बहुतेकांना त्याचं नावही माहीत नव्हतं. मधल्या नव्वदेक वर्षांत कुणीतरी प्रत सांभाळली म्हणून ते हाती आलं. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण घे. गोव्यात १६१६, १६४९ आणि १६५४ असं तीनदा छापलं, तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज कुठे असल्याचं माहीत नाही. हस्तलिखितांवरून आपल्यापर्यंत पोचलं. म्हणून माळ्यावरची चार पानांची फाटकी पुस्तिका फेकायच्या आधी पुन्हा बघ. कुठल्या बाईने लिहिलेली, कुठल्या तालुक्याच्या गावी छापलेली असेल तर आणखी नीट बघ. शंकर गणेश दात्यांची 'मराठी ग्रंथसूची' मोठ्या ग्रंथालयात मिळते, १८०० ते १९३७ पर्यंतची पुस्तकं तिच्यात आहेत. तिच्याशी पडताळ.

सहीबद्दल तू फारच हळवं लिहिलंस. मलाही सही आवडते, पण सगळ्या सह्या सारख्या नसतात. जुन्या पुस्तकांत लेखकाच्या फोटोखाली सही छापलेली असते, ती ब्लॉकची. भिंगातून बघितलं की कळतं, आणि पानाच्या मागे बोट फिरवलं तर पेनाचा दाब लागत नाही. काही जुन्या पुस्तकांवर लेखक किंवा प्रकाशक प्रत्येक प्रतीवर सही-शिक्का करायचे, ते चोरून छापलेली प्रत ओळखता यावी म्हणून. ती सही खरी, पण हिशेबाची, प्रेमाची नव्हे. आणि शाई बघत जा. परभणीचे बी. रघुनाथ १९५३ ला गेले. त्यांची म्हणून कुणी ठसठशीत बॉलपेनची सही दाखवली तर चहा पिऊन निघून ये.

खरी मौज असते ती 'कुणाला' दिली त्यात. नुसती सही असलेली प्रत एकीकडे, आणि "अमुक गुरुजींना, स्नेहपूर्वक" असं लिहून खाली गाव, तारीख असलेली दुसरीकडे. विक्रेते पहिली मागतात, कारण दुसऱ्याचं नाव असलेली प्रत गिऱ्हाइकाला उष्टी वाटते. मला दुसरी हवी. नरहर कुरुंदकर नांदेडला राहून आयुष्यभर गावोगाव बोलत हिंडले, १९८२ ला गेले. ना. धों. महानोर पळसखेडला शेती करत राहिले. त्यांच्या 'रानातल्या कविता' १९६७ च्या. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' १९७१ ची. ही माणसं मराठवाड्यातल्या किती शाळा-कॉलेजांत जेवली-राहिली असतील, तिथल्या किती मास्तरांना त्यांनी पुस्तक दिलं असेल. तिघंही आता नाहीत, नवी सही व्हायची नाही. ज्या प्रती आहेत त्या निवृत्त शिक्षकांच्या घरात आहेत. त्या मास्तरांकडे जा, पण पुस्तक मागायला नको. ते कसं मिळालं ती गोष्ट ऐक, लिहून घे, वाटल्यास रेकॉर्ड कर. पुस्तक त्यांच्यापाशीच राहू दे. त्यांच्यामागे मुलांना ते जड झालं तर तुझा फोन नंबर त्यांच्याकडे असेल.

आणि आजच्या लेखकांच्या सह्या आज घे की. डिसेंबर २०२२ मध्ये बेचाळिसावं मराठवाडा साहित्य संमेलन आपल्या घनसावंगीतच भरलं होतं, शेषराव मोहिते अध्यक्ष होते. त्या मांडवात पुस्तक विकत घेऊन कुणी सही घेतली असेल, आणि लेखकाने खाली 'घनसावंगी' असं लिहिलं असेल, तर ती प्रत पन्नास वर्षांनी काय होईल विचार कर. सही मागताना गाव आणि तारीख घालायला सांगायचंच. लाजायचं नाही. लेखकांना आवडतं ते, कितीही आढेवेढे घेतले तरी.

बांधणीचं थोडक्यात सांगते, कारण यात पैसे घालवण्याचा मोह मोठा. तुला जुन्या प्रती कातड्यात बांधून, पाठीवर सोनेरी अक्षरं उठवून घ्यायच्यात. नको गं. ग्रंथालयांनी हेच करून आपलं नुकसान केलंय. पुस्तक आलं की मुखपृष्ठ काढा, कडा कापा, जाड पुठ्ठ्यात जुजबंदी करा. वापरासाठी ठीक, पण त्यात दीनानाथ दलालांची, मुळगावकरांची किती मुखपृष्ठं कचऱ्यात गेली. मूळ वेष्टन, मूळ पुठ्ठा, मूळ पुस्ती जशी आहे तशी ठेव. फारच खिळखिळं झालं असेल तर मापाचा खोका करून त्यात ठेव. बांधायचीच हौस असेल तर दिवाळी अंकांचे गठ्ठे बांध, 'सत्यकथा'चे सुटे अंक मिळाले तर वर्षवार बांध, पण मुखपृष्ठं आत घेऊन आणि कडा न कापता. बाइंडरला हे दोनदा सांग, तिसऱ्यांदा समोर उभी राहून सांग. हात त्याचा सवयीने कटिंग मशीनकडे जातो. चित्रांची पुस्तकं घेताना आधी चित्रं मोज. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं १९१६ चं 'चित्ररामायण' बघायला मिळालं तर यादीशी ताडून एकेक पान बघ; रंगीत पानं काढून भिंतीवर लावायची आपल्याकडे जुनी खोड आहे.

राखण सोपी आहे, लोक उगाच अवघड करतात. सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन करायचं नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबायचं नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि खाली लाकडी ठोकळे, म्हणजे वाळवी चढताना दिसते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हाने कागद ठिसूळ होतो, म्हणून पत्र्याच्या खोलीत ठेवू नकोस. पावसाळ्यानंतर सगळी बाहेर काढून सावलीत हवा दे, उन्हात नाही. कसर दिसली की त्या प्रतीला वेगळं ठेव. झालं.

एक वही मात्र कर, मोबाईलमध्ये नको, कागदाची. पुस्तक, साल, कुणाच्या घरातून आलं, किती दिले, आणि देणाऱ्याने त्याबद्दल काय सांगितलं. हा शेवटचा रकाना सर्वांत मोठा ठेव. ज्या पुस्तकाला असा रकाना नाही ते नुसतं जुनं पुस्तक. नाव लिहायला घरचे नको म्हणाले तर लिहू नकोस, गाव लिही.

आणि हे बोलावं की नाही असं वाटतंय, पण तू धाकटी, तुला नाही तर कुणाला बोलू. तुझं स्थळ बघायला सुरुवात झालीय. पुस्तकांचं कपाट कुठे राहणार हे बोलण्यांतच विचार, हसण्यावारी नेऊ नकोस. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. आपल्याला घर बांधता येत नाही, एक भिंत मागता येते. "नंतर बघू" म्हणणाऱ्या घरात ती पुस्तकं वर्षभरात पलंगाखाली जातात, हे मी आपल्या नात्यातच पाहिलंय. हवं तर पहिली दोन वर्षं कपाट माझ्याकडे राहू दे. किल्ली तुझी.

दिवाळीला येशील तेव्हा कुंभार पिंपळगावकडे एका घरी जायचंय. तिथल्या आजींकडे तीन बासनं आहेत, "उघडून दाखवते, पण न्यायची नाहीत" असं त्या आधीच म्हणाल्यात. येताना भिंग आण, चांगला कॅमेरा आण. पैसे आणू नकोस.